रेडिओमागचा वस्तरा

खोक्यातून काढून मेजावर ठेवला
आणि बिलाची टाचणी
बोटभर अंतर घसरत जाऊन
त्याच्या पाठीला बिलगली.
मी चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं.
झोलिंगनला एवढी वर्षं वस्तरे दुरुस्त करतेय,
पहिल्याच भेटीत कुणी असं
कुणाला धरून ठेवत नाही.

मुठीला पिवळं शिंग, एका टोकाशी किड्यांनी पोखरलेलं.
पात्यावर कोरलेलं जहाज,
निम्मं शीड पुसून पुसून गेलेलं.
घडला इथेच, वुप्परच्या वळणावर,
जिथे माझे आजोबा ओल्या सहाणेला गुडघ्यांचा रेटा देत
पोलाद पातळ करत राहिले
आणि फुप्फुसं जाड.

सोबत चिठ्ठी. ब्रेमरहाफनहून, एगबर्ट विर्ट्स यांची:
‘वडिलांचा आहे. ते जहाजावर न्हावी होते.
ते गेले त्या दिवसापासून स्वयंपाकघरात,
रेडिओच्या मागे, त्यांनी ठेवला तिथेच.
आईने हलवू दिला नाही.
आता मी वापरू म्हणतो, तर धार टिकत नाही.’

गेले, एवढंच लिहिलंय.
वारले की निघून गेले, त्याचा खुलासा नाही.

रेडिओच्या कर्ण्यामागे लोहचुंबक असतो,
रात्रंदिवस जागा.
बातम्या संपल्या, हवामान सांगून झालं,
समुद्र खवळलेला, वारा वायव्येचा,
बटण बंद.
त्याचं ओढणं चालूच.
वर्षामागून वर्ष शेजारी पडून
पोलादालाही सवय लागते.

मग दगडावर घासताना निघालेला
आपलाच कीस ते सोडत नाही.
भिंगाखाली पाहिलं, धारेवर काळी खुंटं उभी.
जगाच्या दाढ्या करणाऱ्याला
स्वतःची दाढी आलेली.
पट्ट्यावर ओढावा, तर तोच कीस
धार कुरतडतो, केसाकेसाने.

कपाटातून तारेचं वेटोळं काढलं.
वडिलांनी शिकवलं होतं, तेराव्या वर्षी, कानाशी ओरडून,
कारण मोटर चालू असायची:
‘वीज वाहू दे. वाहत असतानाच बाहेर ओढ.
हळू. हात पुरेल तितका लांब ने.
मग बटण.
जवळ असताना बंद केलंस ना,
तर आत राहून जाईल.’

मी हे एकदा घाईने केलंय.
वस्तऱ्याच्या बाबतीत नव्हे.

आज हळू ओढला. वेटोळं गुरगुरत होतं,
तळव्यावर मुंग्या चालाव्यात तसं पातं थरथरलं.
कोपर सरळ. खांदा सरळ. अर्धं पाऊल मागे.
थरथर बारीक होत होत
कुठे थांबली ते कळलंच नाही.
डाव्या हाताने बटण.

दुपारपर्यंत दगड, मग पट्टा.
माझाच एक पांढरा केस वर धरला,
टेकला न टेकला तोच दोन झाला.
नखाने टिचकी मारली
तर पातं गायलं, एकच सूर, बराच वेळ,
खालच्या मजल्यावरच्या कुत्र्याने मान वर करावी इतका.

बिलावर लिहिलं: बावीस युरो.
खाली: रेडिओपासून लांब ठेवावा.
आणखी एक ओळ लिहिली होती, ती खोडली.

बिल जोडायला
डबीत टाकलेली सकाळची टाचणी उचलली,
तर तिला धरून दुसरी एक
लोंबकळत वर आली.

तशाच पाठवल्या, दोन्ही.