पेव

हरिपूरला हळद जमिनीखाली ठेवायचे.
तोंड अरुंद, पोट मोठं.
उघडलं की लगेच उतरायचं नाही,
रात्रभर आतली वाफ जाऊ द्यायची,
सकाळी दोरीला कंदील.
कंदील जळत राहिला, तर माणूस.
अण्णा तो माणूस होते, सव्वीस वर्षं.

मिरजेत त्यांच्या घशातून दुर्बीण सोडली.
डॉक्टर मगदुमांनी फोटो दाखवला:
ओलसर भिंत, एका अंगाला ढासळलेली.
पुराचं पाणी शिरून गेल्यावर पेव दिसायचं, तसंच.
मला विचारायचं होतं, किती दिवस.
मी विचारलं, जेवायला काय द्यायचं.

दर एकवीस दिवसांनी सलाईन.
मधल्या दिवसांत बुधगावच्या गुळवणी वैद्यांची पुडी:
गुळवेल, पुनर्नवा, सुंठ, हळद,
आठ कप पाण्याचं दोन कप.
वैद्य म्हातारे, खरं बोलणारे. म्हणाले,
"मिरज सोडू नका. मी नुसता शेजारी बसतो."
पण नात्यातली माणसं शेजारी बसत नाहीत,
ती मोबाईल उघडून दाखवतात:
कुणाचा तरी साडू, कसल्या तरी पाल्याचा रस,
चाळीस दिवस, गाठ गायब.
आत्याचा फोन रोज.
भाऊ पुण्याहून सांगतो, हळद वाढव,
हळदीवर संशोधन झालंय.

अण्णांनी ऐकलं. हसताना पोट धरलं.
"हळदीनं पोट सुधारत असतं
तर आमची हमालांची गल्ली शंभरी गाठून बसली असती.
आम्ही हळद खाल्ली नाही बाई, हळदीत भिजलो.
घाम पिवळा, थुंकी पिवळी,
तुझ्या आईची उशी पिवळी."
तरी पुडी उघडली. वास आता येत नाही त्यांना,
भातालाही पत्र्याची चव लागते.
एक हळकुंड कानाजवळ नेऊन मोडलं.
कडकन वाजायला हवं होतं.
"गेल्या सालचं," म्हणाले,
आणि काढा एका दमात प्यायले.

तिसऱ्या खेपेला रक्ताचा रिपोर्ट बिघडला.
"बाहेरचं काही देता?"
मगदुमांनी मान वर न करता विचारलं.
मी पिशवीतला थर्मास टेबलावर ठेवला,
चोरीचा माल ठेवावा तसा. शेजारी पुडी.
त्यांनी वैद्यांचं गिचमिड अक्षर लावलं,
गुळवेलीवर रेघ मारली. लिव्हर, म्हणाले.
पुनर्नवेवर थांबले, मग तिच्यावरही.
हळदीवरही.
सुंठ थोडी राहू दे, मळमळीला बरी.
रागावले नाहीत.
त्याचंच मला रडू आलं, बाहेर, बाकावर.
गुळवणींना फोन लावला.
बराच वेळ काही बोलले नाहीत, मग:
"बरोबर मारली रेघ.
मला आधी सुचायला हवं होतं."

आता पहाटे नुसती सुंठ उकळते.
आत्याला सांगितलं नाही.
आठ कप पाणी मात्र हात आपोआप मोजतो,
मग सहा परत ओततो.

गार पेला अण्णांना धरवत नाही, बोटांत सुया टोचतात.
पाणी कोमट करते, पेला टॉवेलात गुंडाळून देते.
परवा, खुर्चीत, थेंब पडत असताना
त्यांनी तो टॉवेल माझ्या हातावर ओढला
आणि खालून बोटं धरली,
जुन्या सौद्यात धरायचे तशी,
भाव तिसऱ्याला दिसू नये म्हणून.
दोन बोटं. मग तिसरं, अर्ध्या पेरावर.
महिने, की वर्षं, की नुसत्या सलाईनच्या बाटल्या,
सौद्यात ते कुणी बोलत नसतं,
दोघांनाही माहीत असतं असं धरून चालतात.
मी एक बोट वाढवून मागितलं.
अण्णांनी हात सोडला नाही,
भावही वाढवला नाही.
नर्स आली. म्हणाली,
टॉवेल काढा मावशी, सुई बघायचीय.