दुभाषा

दर दुसऱ्या मंगळवारी, दुपारी चारला,
आम्ही दिवाणखान्यात खुर्च्या गोल मांडतो.
शाल्मलीची खिडकीपाशी,
दाराकडे पाठ तिला चालत नाही.
उज्ज्वला पोहे करते.
कॅरिस नावाची नर्स लिंबू मागून घेते
आणि उतारापलीकडच्या स्वान्सीच्या खाडीकडे बघत
भरती आहे की ओहोटी ते सांगते,
जणू तेही नोंदवायचं असतं.

नियम एकच:
शाल्मलीबद्दल शाल्मलीच्या माघारी काही बोलायचं नाही.
डॉक्टरसुद्धा डोस कमी करावा का, थांबावं का,
हे आमच्यादेखत आपसांत बोलतात,
आम्ही मुकाट्यानं ऐकायचं.

मला पोरखेळ वाटला होता हा.
एकतीस वर्षं मी पोलादाच्या कारखान्यात
वितळलेल्या रसाचं तापमान मोजलं.
मला आकडा हवा होता.
आणि सांगलीला फोनवर काय सांगायचं, ते.
(कोर्स चाललाय तिचा, असं सांगायचो.
वॉर्डच्या दाराला आतून मूठ नव्हती
तेव्हाही कोर्सच चालला होता.)

मग एका मंगळवारी कॅरिसनं विचारलं,
तो आवाज कुठल्या भाषेत बोलतो?

सहा वर्षांत, तीन इस्पितळांत
हे कुणीच विचारलं नव्हतं. आम्हीही नाही.
शाल्मली म्हणाली, मराठीत.
मग मला कळेल कसं, कॅरिस म्हणाली,
तुझी हरकत नसेल तर बाबा सांगतील?
पोरीनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.
चालेल, म्हणाली.

ती ऐकायची, म्हणायची,
मी इंग्रजी करायचो.
ऊठ म्हणतोय. केलं.
दगडासारखी बसून राहा नुसती. केलं.
एवढं साधं जमत नाही तुला?

इथे अडलो.
वाक्य ओळखीचं होतं.
जोर 'साधं'वर, अगदी तिथेच.
जेवणाचं टेबल, अपूर्णांकांची वही,
नऊ वर्षांची मान खाली,
आणि माझी पेन्सिल टेबलावर दोनदा वाजलेली.
'साधं'ला इंग्रजी शब्द आहे,
शाळेतल्या पोरालाही येतो.
मला आठवेना.

कॅरिस थांबून राहिली.
थांबायचं कसं, ते या लोकांना येतं.
पोहे गार झाले.
हे माझं आहे, मी म्हणालो,
कुठल्या भाषेत, कोण जाणे.

माहितीये, बाबा, शाल्मली म्हणाली,
पण तो तुमच्यासारखा खोकत नाही.
त्यावरून ओळखते मी, कोण बोलतंय ते.

डॉक्टर निघताना दारात थबकले.
मग नियम आठवून परत आत आले,
आणि सगळ्यांसमोर म्हणाले,
आजार तुमच्यामुळे नाही.
शब्द मात्र तो घरातलेच उचलतो.

बरी झाली का, विचारतात.
महिन्याचं इंजेक्शन चालूच आहे,
कपबशी हातात किणकिणते,
वजन वाढलंय, त्याची तिला लाज वाटते.
बुधवारी टेकडीवर नगरपालिकेच्या वाफ्यात जाते,
एमलिन नावाच्या म्हाताऱ्याबरोबर लीक लावते.
तो तिला काही विचारत नाही,
फक्त मातीचा ढीग कुठपर्यंत चढवायचा ते दाखवतो.
मी नळावरून बादल्या आणतो.
एका बुधवारी ती वाटेतूनच परतली,
पांघरूण ओढून चार दिवस पडली,
पाचव्या दिवशी तिनंच विचारलं,
पाणी घातलंत का?
घातलं होतं.

तो आवाज अजून येतो.
संध्याकाळी साडेसहानंतर जास्त.
मध्ये त्यानं नवीन काही म्हटलं,
तिनं मला हाक मारून अर्थ विचारला,
मलाही लागला नाही.
आम्ही दोघं हसलो, थोडंसं.

हल्ली वर तिच्या खोलीकडे जाताना
मी जिन्यातच खोकतो.
उज्ज्वला म्हणते, औषध घ्या त्यावर.
बाटली आणून ठेवलीय तिनं,
फोडलेली नाही.