नाल

कोर्टाच्या फाटकाबाहेर, कडुनिंबाखाली माझं टेबल.
रबरी शिक्के. सत्यप्रत, आवक, रद्द.
तिथे ती आली, संत्र्याच्या कलमांवर काम करणारी
पोलंडची बाई, नखांत वाडीची माती,
आणि वही पुढे सरकवली:
घोड्याची नाल, नालेत क्रूस.

म्हणाली, हे आमच्या घराण्याचं चिन्ह.
मग थांबून, आमच्या एकट्याचं नाही.
एका नालेखाली शेदीडशे आडनावं,
काही तर एकमेकांना कधी भेटलेलीही नाहीत.
कुठे क्रूस नालेच्या पोटात, कुठे डोक्यावर,
कुठे क्रुसाच्या जागी बाण.
कुणा धाकट्यानं रागारागानं नाल पालथी केली
आणि नातवंडं तिलाच सुलटी म्हणू लागली.

म्हटलं, समजलं न बाई. आमच्यात देव मोजतात.
मी मरसकोल्हे, सात देवांचा.
आडनाव कायबी असो, सात देववाला माझा भाऊ,
त्याच्या घरची पोरगी आम्हाला चालत नाही.
"आमच्यात चालायची," ती हसली.

पोरीचं तिला सांगितलं नाही.
दाखल्यावर र ओळीतून उठला
आणि स च्या डोक्यावर जाऊन बसला: मर्सकोल्हे.
बापाच्या सातबाऱ्यावर ह गळाला, मरसकोले.
आज्याच्या रजिस्टरात आडनावच नाही, नुसतं "गोंड".
पडताळणीवाले म्हणे, ही माणसं एका घरची कशावरून?
नर्सिंगचं एक वर्ष त्या र खाली गेलं.
बाईच्या देशात याला प्रकार म्हणतात,
चित्रांसकट छापतात.
आमच्या फाईलवर शेरा: त्रुटी.
तो शिक्काही मीच कापलेला, सहा वर्षांपूर्वी,
पंचाहत्तर रुपयांत.

"क्रूस आत की वर?"
तिला ठाऊक नव्हतं. आजोबांनी लढाईनंतर
आठवणीतून काढलेलं, डावी बाजू झिजलेली.
नाल झिजलेली होती की पेन्सिल,
कोण सांगणार.
मी झीज तशीच ठेवली.
रबरावर सगळं उलटं कोरायचं असतं,
तिची डावी माझी उजवी झाली,
कागदावर उमटल्यावर पुन्हा तिची.

तिनं पावती मागितली.
भाऊ वोल्स्की, मी वोल्स्का, ती म्हणाली.
ऐकू आलं तसं लिहिलं.
तिला वाचता येत नव्हतं, तरी बोट फिरवून पाहिलं
आणि मान हलवली.
खाली माझी सही.
र कुठे बसवला, आता आठवत नाही.