मिठाची पिशवी

नर्सबाईंनी आधी मिठाच्या पिशवीवर टोचायला लावलं.
"ही तुझी मांडी समज."
मी हसले. माझी मांडी
इतकी पांढरी कधीच नव्हती.

मंगोचीचा दवाखाना आमच्या वाडीपासून चार कोस.
एकदा गेले, औषध संपलेलं.
एकदा गेले, बाई रजेवर.
एकदा म्हणाले, नवऱ्याची सही आण.
तो तळ्यात, होडीवर,
आणि सही म्हणजे त्याचा अंगठा.
त्या तीन खेपांत झाला धाकटा यूसुफू.
त्याच्यावर राग नाही माझा,
फक्त कुणी त्याला चूक म्हणून मोजू नये.

आता औषध घरातच असतं,
मक्याच्या पिठाच्या डब्यामागे.
सुकवलेल्या उसीपाजवळ ठेवत नाही, वास लागतो.
भिंतीवर कोळशाच्या रेघा, एका आठवड्याची एक.
तेरा झाल्या की दार ओढून घेते,
चितेंजे सैल करते,
पोटाची चिमूट धरते.

या पोटावर सासूनं हात ठेवला, सुइणीनं, डॉक्टरनं,
विचारून कुणीच नाही.
म्हणून मीच विचारते, "टोचू?"
थोडं थांबते.
"टोच," म्हणते.

काल शेजारची एसिमी आली.
एकोणीस वर्षांची. दवाखान्यात तिला
'लग्न झालं की ये' म्हणालेले.
उंबऱ्यातच उभी, नजर रेघांवर.
म्हणाली, "मावशी, जरा मीठ देता?
पिशवीत बांधून."

तिच्या घरी मीठ होतं.
मी दार लावून घेतलं.