मागून चालणं

थोंगयोंगच्या खाडीत, मी चौदा वर्षांचा,
होडीच्या तळाशी गोधडीत गुरफटलेला,
झोपेचं सोंग घेऊन.
वडील दुसऱ्याच्या दोरावरून कालवं ओढत होते.
माळेमागून माळ. निथळणारं पाणी.
दोराला योंगबे काकांची खूण होती, लाल चिंधी.
ती त्यांनी दातांनी सोडली
आणि खिशात घातली. फेकली नाही.
हे मला अजून कळलेलं नाही.

त्या हिवाळ्यात माझी फी वेळेवर भरली गेली.

तीस वर्षांनी, बर्गनमधल्या स्वयंपाकघरात,
बटाटे सोलता सोलता तोरुनला सांगितलं.
ती म्हणाली, मग सांगून टाक त्या माणसाला.
सत्य कुणाचं लेकरू नसतं.
ती निष्ठुर नाही. तिचे वडील वृद्धाश्रमात असतात,
दर रविवारी ती त्यांच्याशी बुद्धिबळ खेळते,
मुद्दाम हरत नाही.
मला जन्माला घाला असं मी म्हटलं नव्हतं, ती म्हणते,
तेव्हा देणं काही नाही. आवडतात, म्हणून जाते.
मला हेवा वाटला तिचा. आणि थंडी वाजली.

वडील गेले तेव्हा आलो.
आत्या मुळा चिरत होती. तिला विचारलं.
बापाची विजार मागून फाटली असेल
तर पोरानं त्याच्या मागून चालायचं, म्हणाली.
आणि शिवायची कुणी?
सुरी थांबली नाही.
आधी घरी तर पोचू दे त्याला.

तिसऱ्या रात्री होडी काढली.
बाजारातून विकत आणलेल्या चाळीस माळा
काकांच्या दोराला बांधत गेलो, चोरासारखा,
त्याच होडीतून, त्याच गाठी मारत
ज्या वडिलांनी बोटं धरून शिकवल्या होत्या.
चिंधी घरात कुठेच सापडली नव्हती.
तोरुनने विणलेल्या लाल मफलरची एक कड उसवली
आणि शेवटच्या गाठीला गुंडाळली.

किनाऱ्यावर काकांच्या खिडकीत दिवा होता.
दिव्यासमोर कुणीतरी उभं होतं, बराच वेळ.
मग दिवा मालवला.

सकाळी तिचा फोन. सांगितलंस?
मी म्हटलं, पाणी फार गार होतं.
हे उत्तर नाही, ती म्हणाली.
नाही, मी म्हटलं.
तिनं फोन ठेवला नाही. मीही नाही.
हातांचा वास साबणाने जात नव्हता.