मुठी

एकसष्ट दारं, आणि आतून एकालाही मूठ नाही.
बाहेरच्या पितळी, जाडजूड,
शंभर वर्षं तळव्यांनी घासून पिवळ्याधमक झालेल्या.
आत नुसती फळी,
आणि खांद्याच्या उंचीवर रंग उडालेला एक गोल.

कौन्सिलनं काम मला दिलं:
सगळी दोन्हीकडून उघडली पाहिजेत,
अग्निशामकवाल्यांचा नियम.
धोबीघरात आता कोल्मनची बेकरी आहे,
पावाचा वास तीन नंबरच्या वॉर्डापर्यंत येतो,
तिथं पोरं सायकली दुरुस्त करायला शिकतात.
पाण्याच्या टाकीवरचे डोमकावळे तेवढे
कुणी हलवले नाहीत.

ॲट्रॅक्टा इथं नर्स होती. चौऱ्याऐंशीची आहे.
गुरुवारी गाण्याच्या तालमीला येते.
दारापाशी आली की अजून हात कमरेला जातो तिचा
किल्ल्या चाचपायला.
मग हसते. मग हसत नाही.
एकदा म्हणाली,
"तुझ्या आजोबांची बहीण, डेलिया,
काजं करावीत तर तिनं."

आमच्या घरात हे नाव नव्हतं.
रात्री जपमाळ संपताना
गेलेल्यांची नावं घ्यायचे सगळे, गाईचंसुद्धा एकदा घेतलं,
हे नाही.
झाकली मूठ.
आई गेल्यावर कपाटाच्या तळाशी अर्जाची नक्कल सापडली:
रात्री उठून शेतात फिरते.
लग्नाला नाही म्हणते.
जमिनीत वाटा मागते.
खाली आजोबांची सही,
शाळेत गिरवून घेतात तशी, वळणदार.
नऊ एकर.
त्यातल्या दोनांवर माझं घर, माझी शेड,
हा रंधा टांगायची खुंटी.

हे कुणाला सांगितलेलं नाही. दारांना सांगतो.
भोक पाडायचं, भुसा फुंकायचा, मूठ बसवायची,
मग आत उभं राहून दार ओढून घ्यायचं
आणि उघडून बघायचं.
उघडतंच.
दर वेळी आधी घशाला कोरड पडते.

सात नंबरात एका दाराला, आतून, गुडघ्याशी,
बारीक चिरा दिसल्या. ओळीनं. सारख्या अंतरावर.
काजं असतील. नसतीलही,
लाकूड वाळलं की आपोआप तडकतं, मला माहीत आहे.
त्या दाराला पॉलिशपेपर लावला नाही.
इन्स्पेक्टर विचारेल तेव्हा बघू.

सफरचंदांच्या बागेमागे लोखंडी क्रूस आहेत,
त्यांवर फक्त आकडे.
दोनशे बारा, ॲट्रॅक्टानं काठीनं दाखवलं.
मूठमाती कुणी दिली, ते रजिस्टरात नाही.

शेवटी एक मूठ जास्तीची उरली.
बिलात धरली नाही.
कोटाच्या खिशात घेऊन तिथं गेलो,
काय करायचं ते ठरवलं नव्हतं.
उभा होतो, तर पोरांचा बॉल घरंगळत
दोनशे दहापाशी येऊन थांबला.
"मारा की इकडे!"
मारला. वाकडा गेला.
खिसा एका बाजूला ओढत होता.