धुराची कीर्द

छत्तीस वर्षं पतसंस्थेत कीर्द लिहिली.
शिल्लक शून्य दिसली की पोटात गोळा यायचा.
आता निवृत्तीनंतर गावानं
एक कोरी वही हातात दिली,
म्हणाले, तात्या, हिच्यात धूर लिहायचा.
आणि शेवटी यायला पाहिजे
शून्यच.

मी विचारलं, धुराची पावती कोण फाडणार?

पहिली बैठक सोसायटीच्या गोदामात,
युरियाच्या पोत्यांवर.
कुपवाडहून अण्णाप्पा मगदूम, फाउंड्रीवाले,
पांढऱ्या शर्टाच्या खिशात कोळशाचं बिल.
बँकेच्या बाई. इस्माईल नदाफ, वेल्डर.
ऊसतोडीचा मुकादम बिराप्पा कोळेकर, जतचा,
दारातच उभा.
"आमचं काय काम? आम्ही तोडतो,
पेटवतो दुसराच."
बचत गटाच्या कलावती ऐवळे सरकल्या,
पोत्यावर जागा केली.

तासभर नुसती बोटं.
फाउंड्री म्हणाली शेत, शेत म्हणालं फाउंड्री.
ट्रकचं नाव कुणीच घेईना,
ट्रक सरपंचांचे.

मग कॉलेजातली तेजल उठली,
शटरवर खडूनं दोन रकाने आखले.
नावे. जमा.
एवढं मात्र मला कळलं.

उसाचं पाचट, नावे.
गुऱ्हाळाच्या चुलीतलं टायर, नावे.
मगदूमांची भट्टी, नावे,
आकडा सांगताना त्यांनी चष्मा पुसला,
दोनदा.
जमेला काय?
येरळेकाठच्या गायरानात करंज लावलेत,
वीतभर.
ते आत्ताच धरायचे नाहीत, तेजल म्हणाली.
बरोबर, मी म्हणालो,
मुदत न भरलेली ठेव.

त्या दिवशी ठरलं ते असं:
टोळी पाचट बांधावर सारेल,
गट गठ्ठे बांधेल,
इस्माईल भंगारातल्या बॉयलरचं दाबयंत्र करेल,
आणि त्या कांड्या जळतील
मगदूमांच्या साचे वाळवायच्या भट्टीत, कोळशाच्या जागी.
बँकेच्या बाईंनी विचारलं, तारण काय?
सगळे माझ्या वहीकडं बघायला लागले.
वही अजून कोरी होती.

दोन महिने चाललं. बरं चाललं.
माघातल्या एका रात्री खोडव्याचं वावर पेटलं.
सकाळी दोरीवरच्या धोतरावर काळ्या चिंध्या,
वहीवरही एक.
वावर माझंच.
काडी माझ्या पोराची.
"पहाटे पाण्याची पाळी, यंत्र आलं नाही,
काय करू मग?"

मी लिहिलं. सव्वा एकर, नावे,
आणि पुढं स्वतःचं नाव.
हात थरथरला ते वयानं, असं म्हणतो.

बैठकीत वाचून दाखवलं.
गोदामात पंख्याचा तेवढा आवाज.
मग बिराप्पा खाकरला,
"यंत्र आमच्या फडात अडकलेलं, दोन दिस.
त्ये बी लिवा."
इस्माईल म्हणाला, पट्टा तुटला होता,
मीच उद्या उद्या करत राहिलो.
मगदूम हळूच,
"पट्टा मागवायचा होता मी."
कलावतीबाईंनी बोटांवर काही मोजलं
आणि म्हणाल्या, आम्हाला फोन करता आला असता.

एका आगीला पाच नावं.
असली नोंद कुठल्या नमुन्यात बसते
मला माहीत नाही.
ऑडिटर असता तर हसला असता.
बँकेच्या बाई हसल्या नाहीत,
त्यांनी फाइल उघडली.

मार्चअखेर बेरीज मारली.
शून्य लांब आहे. फार लांब.
तेजल म्हणते, वीस वर्षं तरी.
मी तोवर नसणार, हा हिशोब सोपा.
नव्या पानावर डोक्याला लिहिलं,
मागील पानावरून पुढे,
आणि वही तिच्याकडं सरकवली,
बघ, अक्षर लागतंय का.
म्हणाली, तात्या, तुमचा एक आणि नऊ
सारखाच दिसतो.

पेन परत घेतलं.
एक एक आकडा
नीट करत बसलोय.